पट्टीत ‘पूर्णा’ टाइप केलं की प्रश्न जातो कुठे? ब्राउझरला आपल्या पसंतीचं सर्च इंजिन असं जोडा

परभणी जिल्ह्यातलं पूर्णा हे तालुक्याचं गाव आणि रेल्वेचं जंक्शन. सिकंदराबाद-मनमाड मार्गावरून अकोल्याकडे जाणारा फाटा इथून फुटतो. पण इंटरनेटवर ‘पूर्णा’ शोधणाऱ्याला या गावाआधी बरंच काही भेटू शकतं. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून याच गावाजवळ गोदावरीला मिळणारी पूर्णा नदी आहे. सातपुड्यातून येऊन चांगदेवजवळ तापीला मिळणारी विदर्भाची पूर्णा वेगळी, आणि नवसारी जिच्या काठी वसलंय ती गुजरातची पूर्णा तिसरी. २०१४ मध्ये वयाच्या तेराव्या वर्षी एव्हरेस्ट सर करणारी तेलंगणाची मालावत पूर्णा आहे आणि तिच्यावर निघालेला २०१७ चा हिंदी चित्रपटही ‘पूर्णा’च आहे. पूर्णा सहकारी साखर कारखाना शोधायला जावं, तर तो निघतो हिंगोली जिल्ह्यात, वसमतला.

यात सर्च इंजिनचा दोष फारसा नाही. एका शब्दावरून माणसाच्या मनातलं ओळखायचं, तर अंदाजच बांधावा लागतो. पण गावातल्या माणसाचे प्रश्न अंदाजावर सोडण्यासारखे नसतात. शिष्यवृत्तीचा अर्ज खऱ्या संकेतस्थळावर भरला की हुबेहूब दिसणाऱ्या भलत्याच पानावर, सोयाबीनच्या वाणाची माहिती विद्यापीठाची वाचली की बियाणं विकणाऱ्याची, यानं पैशांचा आणि हंगामाचा फरक पडतो.

म्हणून प्रश्न कुणाला विचारायचा, हे आपणच ठरवलेलं बरं. ब्राउझरमध्ये त्याची सोय गेली कित्येक वर्षं आहे. एकदा दोन मिनिटं खर्च केली, की पट्टीत दोन अक्षरं आणि शब्द टाइप करून तो थेट मराठी विकिपीडियाला, विश्वकोशाला किंवा फक्त सरकारी संकेतस्थळांना विचारता येतो. बहुतेकांना ही सोय माहीतच नसते, कारण ती सेटिंग्जच्या तिसऱ्या थरात दडलेली आहे.

ठरलेलं उत्तर कुणी ठरवलं?

पूर्वी ब्राउझरमध्ये वर दोन चौकटी असायच्या. एकीत संकेतस्थळाचा पत्ता टाकायचा, दुसरीत शोधायचा शब्द. सप्टेंबर २००८ मध्ये गूगल क्रोम आला आणि त्यानं दोन्ही कामं एकाच पट्टीला दिली. टाइप केलेलं पत्त्यासारखं दिसलं तर ब्राउझर ते पान उघडतो, नाही दिसलं तर शब्द ‘डिफॉल्ट’ सर्च इंजिनकडे पाठवतो. डिफॉल्ट म्हणजे आपण काहीच निवडलं नाही तर आपोआप लागू होणारी निवड. आणि बहुतेक लोक काहीच निवडत नाहीत.

या न निवडण्याची किंमत केवढी मोठी आहे, हे अमेरिकेतल्या एका खटल्यात उघड झालं. ब्राउझर आणि फोनमध्ये आपलंच इंजिन डिफॉल्ट राहावं म्हणून गूगलनं एकट्या २०२१ मध्ये ॲपलसारख्या भागीदारांना मिळून २,६३० कोटी डॉलर मोजले होते. न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी गूगलनं शोधसेवेतली मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निकाल दिला. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये उपाययोजना ठरवताना त्यांनी क्रोम विकायची सक्ती केली नाही, पण दुसऱ्याला शिरकावच मिळू नये अशा करारांना मनाई केली. भारतातही स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड प्रकरणी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. फोन पहिल्यांदा सुरू करताना वापरणाऱ्याला सर्च इंजिन निवडू द्या, हाही त्या आदेशाचाच भाग होता.

कोर्टकचेरी चालत राहील. आपल्या संगणकावरची निवड बदलायला मात्र कुणाच्या आदेशाची गरज नाही.

छापील अर्जातली रिकामी जागा

सर्च इंजिन जोडायचं म्हणजे संगणकात काही नवीन भरायचं नसतं. ब्राउझरला फक्त एक पत्ता शिकवायचा असतो.

कोणत्याही संकेतस्थळाच्या शोधचौकटीत शब्द टाका आणि एंटर दाबा. आता वरच्या पट्टीतला पत्ता नीट बघा. बऱ्याच ठिकाणी तुम्ही टाकलेला शब्द त्या पत्त्यात जसाच्या तसा दिसेल, बहुतेक वेळा बरोबरच्या (=) चिन्हानंतर. म्हणजे ‘शोधा’ बटण दाबलं तेव्हा ब्राउझरनं एवढंच केलं की ठरलेल्या पत्त्यात तुमचा शब्द बसवून ते पान मागवलं. हे तहसिलीतल्या छापील अर्जासारखं आहे. ‘मी ______, राहणार ______’ हा मजकूर सगळ्यांना सारखाच असतो, बदलतं ते फक्त रिकाम्या जागेतलं.

ब्राउझरला तो छापील मजकूर द्यायचा आणि रिकामी जागा कुठे आहे ते दाखवायचं. त्यासाठी ठरलेली खूण आहे: टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून इंग्रजी लहान लिपीतलं ‘एस’. या लेखात ती ‘%एस’ अशी लिहिली आहे, प्रत्यक्षात एस इंग्रजीतच टाइप करायचा. प्रोग्रामिंग शिकलेल्यांना ही खूण ओळखीची वाटेल. सी भाषेत ‘इथे मजकूर येईल’ असं सांगायला हीच वापरतात, आणि ब्राउझरनं ती तिथूनच उचलली.

क्रोममध्ये प्रत्यक्ष कसं करायचं?

उदाहरण मराठी विकिपीडियाचं घेऊ. आधी तिथल्या शोधचौकटीत एखादा निरर्थक इंग्रजी शब्द टाका, समजा चार वेळा ‘झेड’. निरर्थक अशासाठी, की खरा शब्द टाकला आणि त्या नावाचा लेख असला तर विकिपीडिया थेट तो लेख उघडतो. मग शोधाचा पत्ता आपल्याला दिसतच नाही. चार झेडचा लेख असण्याची शक्यता नाही, आणि लांबलचक पत्त्यात ते पटकन नजरेत भरतात. इंग्रजीच का, ते पुढे येईलच.

निकालाचं पान उघडलं की पट्टीतला पूर्ण पत्ता कॉपी करून नोटपॅडमध्ये डकवा. पत्ता लांब दिसला तरी बिचकू नका. प्रश्नचिन्हानंतरचे तुकडे ‘&’ या चिन्हानं जोडलेले असतात. त्यातला झेड असलेला तुकडा कामाचा, बाकीचे बहुधा संकेतस्थळाच्या स्वतःच्या नोंदीसाठी असतात. ते एकेक करून काढून बघायला हरकत नाही. पान तरीही नीट उघडलं तर तो तुकडा फालतू होता. उघडलं नाही तर परत ठेवायचा. शेवटी चार झेड पुसून तिथे ‘%एस’ लिहा.

आता क्रोमच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवरून सेटिंग्जमध्ये जा. डावीकडे ‘सर्च इंजिन’, त्यात ‘मॅनेज सर्च इंजिन्स अँड साइट सर्च’. (क्रोमची भाषा मराठी ठेवली असेल तर हीच नावं मराठीत दिसतील.) खाली ‘साइट सर्च’ असा भाग आणि त्यापुढे ‘ॲड’चं बटण आहे. ते दाबलं की तीन रकाने येतात. पहिल्यात नाव, म्हणजे ‘मराठी विकिपीडिया’. दुसऱ्यात शॉर्टकट, म्हणजे हाक मारायचं आखूड नाव. तिसऱ्यात आत्ता तयार केलेला पत्ता. जतन केलं की झालं.

वापरायचं असं: पट्टीत शॉर्टकट टाइप करा, टॅब किंवा स्पेस दाबा. पट्टीच्या डाव्या टोकाला ‘मराठी विकिपीडिया’ असं नाव उमटेल. मग ‘पूर्णा’ लिहून एंटर. मधलं निकालांचं पान, त्यावरच्या जाहिराती, सगळं टळतं.

त्याच सेटिंग्जच्या पानावर थोडं खाली ‘इनॲक्टिव्ह शॉर्टकट्स’ अशी यादी असते, तीही बघून ठेवा. अनेक संकेतस्थळं आपल्या शोधाचा पत्ता ब्राउझरला आपणहून कळवतात. २००५ मध्ये ॲमेझॉनच्या ए-नाइन या उपकंपनीनं त्यासाठी ‘ओपनसर्च’ नावाची पद्धत आखून दिली होती. तुम्ही अशा स्थळांना भेट दिलीत की क्रोम त्यांची नोंद करतो, पण वापरात आणत नाही. हवं ते नाव सापडलं तर शेजारचं ‘ॲक्टिव्हेट’ दाबायचं, पत्त्याची खटपट वाचते.

शॉर्टकट काय ठेवावा? इंग्रजी मार्गदर्शनात ‘डब्ल्यू’ वगैरे सुचवलेलं असतं. पण मराठीत शोधणाऱ्याला ते गैरसोयीचं आहे. कीबोर्ड मराठीवर असतो, शॉर्टकटसाठी इंग्रजीवर जायचं, शब्दासाठी परत मराठीवर यायचं. त्यापेक्षा शॉर्टकटच देवनागरीत ठेवावा. विकिपीडियाला ‘वि’, विश्वकोशाला ‘को’. ज्यांना इंग्रजी शब्दच जास्त शोधायचे असतात त्यांनी इंग्रजी ठेवावा.

मराठी वाचणाऱ्याला जोडून ठेवण्यासारखी ठिकाणं थोडी नाहीत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली ज्याचा पहिला खंड १९७६ मध्ये आला, तो मराठी विश्वकोश आता संकेतस्थळावर आहे. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा १९३२ ते १९५० दरम्यान निघालेला महाराष्ट्र शब्दकोश, हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीत शोधता येतात. परभणीकडच्या बोलीतला एखादा शब्द साध्या सर्चमध्ये टाकला तर बहुधा गाणी आणि व्हिडिओ येतात. तोच दाते-कर्व्यांना विचारला तर अर्थ, व्युत्पत्ती आणि वापराचं उदाहरण मिळण्याची आशा असते.

‘पूर्णा’ ५४ अक्षरांची का होते?

आता इंग्रजी झेडचा खुलासा. संकेतस्थळाचा पत्ता मुळात इंग्रजी अक्षरं, अंक आणि मोजक्या चिन्हांसाठीच बनला. देवनागरी शब्द त्यात जाताना आधी आकड्यांत मोडला जातो. ‘पूर्णा’ हा शब्द संगणकाच्या हिशेबी सहा खुणांचा आहे: प, दीर्घ ऊकार, र, हलन्त, ण आणि काना. यातली प्रत्येक खूण तीन बाइट घेते, म्हणजे अठरा बाइट झाले. पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं असा लिहितात. अठरा त्रिक चोपन्न. म्हणून पट्टीत सुबक ‘पूर्णा’ दिसत असताना कॉपी केलं, की टक्के आणि आकड्यांची ५४ अक्षरी माळ हातात येते. त्यात नेमका आपला शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे शोधताना चूक होते. चाचणीचा शब्द इंग्रजी असला की ही भानगडच नाही. एकदा ‘%एस’ बसवला की पुढे मराठी शब्दाची मोडतोड ब्राउझर स्वतः करतो.

दुसरी अडचण शुद्धलेखनाची, आणि ती जास्त सतावते. मोठी सर्च इंजिनं चुका पोटात घालतात. ‘पुर्णा’ लिहिलं तरी ‘पूर्णा’ समजून घेतात. एखाद्या संकेतस्थळाचा स्वतःचा शोध इतका उदार असेलच असं नाही. ऱ्हस्व उकार आणि दीर्घ ऊकार ही त्याच्या लेखी दोन वेगळी अक्षरं, त्यामुळे ‘पुर्णा’ला उत्तर शून्य. ‘ॲ’चं तर आणखी अवघड. ते एक सबंध अक्षर म्हणूनही लिहिता येतं आणि ‘अ’वर अर्धचंद्र देऊनही. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, यंत्राला नाहीत. तेव्हा थेट शोधात काहीच सापडलं नाही तर ‘माहिती नाही’ असा निष्कर्ष काढण्याआधी लेखन बदलून एकदा बघावं.

सरकारी चाळणी

या सोयीचा सगळ्यात मोलाचा उपयोग कोशांपलीकडचा आहे, आणि तो सेवा केंद्र चालवणाऱ्यांना, विद्यार्थ्यांना, घरातल्या ज्येष्ठांचे अर्ज भरून देणाऱ्यांना पडेल.

योजनेचं नाव सर्चमध्ये टाकलं की वर जाहिराती, मग माहिती देणारी खासगी पानं, कधी सरकारीच भासणारी बनावट पानं, आणि त्यात कुठेतरी खरं संकेतस्थळ. भारतात ‘डॉट गव्ह डॉट इन’ हा शेवट फक्त सरकारी संस्थांनाच मिळतो. हे पुष्कळांना ठाऊक असतं, पण घाईत पत्त्याची शेपटी तपासायचं राहून जातं. शिवाय बनावट पत्ता तयार करणारा ‘गव्ह’ आणि ‘इन’ ही अक्षरं पत्त्याच्या मध्ये कुठेतरी किंवा आडवी रेघ घालून बसवतो आणि नजर फसते.

हे तपासण्याचं काम यंत्राकडे सोपवता येतं. गूगलच्या चौकटीत इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द, त्याला चिकटून दोन टिंबांचं कोलन, त्याला चिकटून ‘गव्ह डॉट इन’, मग एक जागा सोडून चार झेड असं लिहून शोधा. हा साइट शब्द गूगलला सांगतो की फक्त याच शेपटीच्या संकेतस्थळांतून उत्तर दे. निकाल शून्य आले तरी चालेल, आपल्याला पत्ता हवा आहे. तो कॉपी करा, चार झेडच्या जागी ‘%एस’ घाला, बाकी सगळं तसंच ठेवा आणि वरच्याच पद्धतीनं जोडा. शॉर्टकट ‘सर’ ठेवलात, तर ‘सर’, मग स्पेस, मग योजनेचं नाव. नावात मिळतीजुळती अक्षरं घुसवलेली पानं गळून जातात, कारण यंत्र शेपटीच बघतं.

ही चाळणी आहे, कवच नव्हे, हे ध्यानात ठेवावं. वर ‘स्पॉन्सर्ड’ अशी खूण असलेली जाहिरात आली तर ती चाळणीतून आलेली नसते, तिच्यावर क्लिक करू नये. आणि काही खरी संकेतस्थळं या शेपटीबाहेरची असतात. रेल्वे तिकिटांचं आयआरसीटीसी ‘डॉट को डॉट इन’वर आहे. विद्यापीठं ‘डॉट एसी डॉट इन’वर असतात, हा शेवटही मान्यताप्राप्त शैक्षणिक संस्थांसाठीच राखलेला आहे. पूर्ण्यातल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यानं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठासाठी वेगळा शॉर्टकट केला तर वेळापत्रक आणि निकालाच्या नावाखाली चालणारी शेकडो पानं बाजूला राहतील.

शेतकऱ्यांसाठी हाच खटाटोप परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या पत्त्यावर करता येतो. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठानं काढलेली सोयाबीनची वाणं ‘एमएयूएस’ या अक्षरांनी ओळखली जातात. एमएयूएस ७१, १६२, ६१२ ही नावं मराठवाड्यात घरोघर माहीत आहेत. साध्या शोधात यांच्या नावानं विक्रेत्यांची पानं आणि ‘एकरी इतके क्विंटल’ सांगणारे व्हिडिओ येतात. विद्यापीठापुरता शोध बांधला की निदान सांगणारा कोण आहे हे पक्कं असतं. एक मर्यादा आहे. सरकारी आणि विद्यापीठीय संकेतस्थळांवर जुन्या पद्धतीच्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या किंवा नुसत्या स्कॅन केलेल्या पीडीएफ अजून पुष्कळ आहेत. वाचायला त्या मराठीच असतात, पण शोधणाऱ्या यंत्राला त्यात मराठी अक्षरं सापडतीलच असं नाही. तिथे इंग्रजी शब्द किंवा वाणाचा क्रमांक टाकून बघणं जास्त फळतं.

याच युक्तीनं आणखी एक गोष्ट साधते. मे २०२४ पासून गूगलनं निकालांत ‘वेब’ नावाचा वेगळा कप्पा दिला आहे. त्यात एआयनं लिहिलेला सारांश आणि व्हिडिओंची रांग नसते, फक्त दुवे असतात. चार झेड शोधून ‘वेब’ कप्प्यावर क्लिक करायचं आणि तिथला पत्ता जोडायचा. सारांश वाचून निघून जाण्यापेक्षा मूळ पान वाचणाऱ्यांनी हा शोध डिफॉल्ट करायलाही हरकत नाही. जोडलेल्या नावापुढच्या तीन टिंबांत ‘मेक डिफॉल्ट’ असा पर्याय असतो. सरकारी चाळणी मात्र डिफॉल्ट करू नये, नाहीतर पाककृतीही सरकारी संकेतस्थळांवर शोधली जाईल.

सातबारा आणि पीएनआर यात बसत नाहीत

‘सात’ टाइप करून गट क्रमांक टाकला की सातबारा समोर, असं झालं तर किती छान. तसं होत नाही. महाभूलेखवर विभाग, जिल्हा, तालुका, गाव, गट क्रमांक हे सगळं एकामागून एक निवडावं लागतं, मोबाइल क्रमांक आणि चित्रातली अक्षरं भरावी लागतात. एवढं करून पत्त्याकडे बघितलं तर त्यात आपण भरलेलं काहीच दिसत नाही. इथे माहिती पत्त्यातून जात नाही. पोस्टकार्डावर न लिहिता पाकिटात घालून द्यावी, तशी ती आतून पाठवली जाते. रेल्वेच्या संकेतस्थळावर पीएनआर तपासतानाही चित्रातलं उत्तर मागतात. पत्त्यात रिकामी जागाच नसेल तर ‘%एस’ बसवणार कुठे? कसोटी सोपी आहे: शोधल्यावर आपला शब्द पत्त्यात दिसला तर जमेल, नाही दिसला तर नाही. अशा ठिकाणी खरं पान एकदा खात्री करून बुकमार्क करून ठेवावं आणि दर वेळी तिथूनच उघडावं. तेवढ्यानंही शोधाच्या निकालांत वाट चुकायचा धोका जातो.

इतर ब्राउझर आणि मोबाइल

मायक्रोसॉफ्ट एजमध्ये रकाने तेच तीन आहेत, फक्त सेटिंग्जची वाट वेगळी. सेटिंग्जच्या शोधचौकटीत ‘सर्च इंजिन’ लिहिलं की ती सापडते. फायरफॉक्समध्ये काम त्याहून सोपं. संकेतस्थळाच्या शोधचौकटीवरच उजवं क्लिक केलं की ते इंजिन जोडण्याचा किंवा त्याला कीवर्ड देण्याचा पर्याय येतो, पत्ता चिरत बसावं लागत नाही. फायरफॉक्सच्या बुकमार्कलाही कीवर्ड देता येतो, त्यामुळे महाभूलेखसारखं पान दोन अक्षरांत उघडतं.

खरी गोम मोबाइलची आहे, आणि बहुतेकांचं इंटरनेट तर मोबाइलवरच. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये स्वतःचा पत्ता भरायची जागाच दिलेली नाही. सर्च इंजिनच्या यादीत ‘रीसेंटली व्हिजिटेड’ म्हणून काही नावं आपोआप येतात, त्यातलं एखादं डिफॉल्ट करता येतं, एवढंच. आयफोनच्या सफारीत ॲपलनं दिलेल्या मोजक्या नावांतूनच निवडावं लागतं. अँड्रॉइडवर फायरफॉक्स घेतला तर मात्र सेटिंग्जमध्ये ‘सर्च’ भागात नवीन इंजिन जोडता येतं. नाव आणि ‘%एस’ असलेला पत्ता तिथे भरायचा, आणि शोधताना पट्टीतल्या चिन्हावर टिचकी मारून इंजिन निवडायचं. संगणकावर तयार केलेला पत्ता स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून फोनमध्ये डकवला तर छोट्या पडद्यावर अक्षरं लावत बसावं लागत नाही.

आपण न करता कुणी बदललं तर?

जी पट्टी आपल्याला बदलता येते ती दुसऱ्यालाही येते. फुकट पीडीएफ बदलून देणारं, व्हिडिओ उतरवून देणारं एक्स्टेन्शन घातलं आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक शोध अनोळखी पानावरून जायला लागला, हा प्रकार जुना आहे. त्या पानाला जाहिरातींचे पैसे मिळतात, आणि आपण काय शोधतो हेही कळतं. असं झालं तर आधी एक्स्टेन्शनच्या यादीतून तो पाहुणा काढायचा, मगच सर्च इंजिन पूर्ववत करायचं. उलट क्रमानं केलं तर तो ते पुन्हा बदलून ठेवतो. जोडलेला पत्ता ‘एचटीटीपीएस’नं सुरू होतोय ना, हेही बघावं. शेवटचा ‘एस’ नसेल तर शोधलेला शब्द वाटेत उघडाच जातो.

सेवा केंद्रातला किंवा महाविद्यालयातला संगणक अनेकांच्या हाताखालून जातो, तिथे आणखी एक काळजी. क्रोममध्ये स्वतःच्या खात्यानं सिंक सुरू केलं असेल तर जोडलेली इंजिनं त्या खात्याबरोबर दुसऱ्या संगणकावरही पोहोचतात. घरी तयार केलेली यादी अशी आयती मिळते खरी, पण उठताना खातं बंद करायला विसरलात तर यादीसोबत शोधांचा इतिहासही मागे राहतो. सामायिक संगणकावर म्हणून खात्याविना वेगळं प्रोफाइल करावं आणि त्यात सरकारी चाळणी, विद्यापीठ, कोश असे चार-पाच शॉर्टकट कायमचे जोडून ठेवावेत. त्यांची नावं कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवली, की पुढच्या माणसाला विचारत बसावं लागत नाही.